चार शिंगांचा राउटर

आण्णांनी राउटर खोक्यातून काढला, कानाशी नेला आणि नारळ हलवून बघावा तसा हलवला.

"आत काय वाजत न्हाई," ते दुकानदाराला म्हणाले.

"वाजला तर बिघडलेला असतोय, आण्णा."

"आणि ही शिंगं?"

"अँटेना. ह्याला दोन, त्याला चार. जितकी जास्त तितकं नेट पळतंय."

"मग चारवाला काढ. आणि कुलूप कुठल्याचं चांगलंय?"

दुकानदार गालातल्या गालात हसला. तो आण्णांशी बोलत होता, माझ्या धाकट्या भावाशी, सन्मतीशी बोलत होता, मधूनच वरच्या पंख्याकडं बघून बोलत होता. फक्त माझ्याशी बोलत नव्हता. मी बीएस्सी कॉम्प्युटर केलेली मुलगी, मला खोक्यावरचं इंग्रजी वाचायला नेलं होतं. सन्मती बारावीला दोनदा बसला होता आणि तो सल्लागार म्हणून आला होता.

"गेम अडकला न्हाई पाहिजे," सन्मतीनं सल्ला दिला.

आमचं घर इचलकरंजीत. खाली यंत्रमाग, वर आम्ही. मागांचा खटाखट आवाज पहाटे सुरू झाला की थांबायचं नाव नाही. घरात सगळे ओरडूनच बोलतात, भांडण नसलं तरी. आण्णांनी, म्हणजे भूपाल चौगुलेंनी, मागांवर कॅमेरे बसवले होते. वर पलंगावर आडवं पडून कामगार डुलकी काढतोय का ते मोबाईलवर बघायचं, हा त्यांचा आवडता उद्योग. पण चित्र अडकायचं. कामगार हात वर करून तसाच पुतळ्यासारखा दिसायचा आणि आण्णा वरून ओरडायचे, "अरे, हात खाली घे की!" तो बिचारा कधीच जेवायला गेलेला असायचा.

नेट अडकायचं कारण समोरचे रावसाहेब खोत. आमच्या जुन्या राउटरचा पासवर्ड आण्णांचं नाव होतं, आणि आण्णांनी तो स्वतःच गल्लीत अभिमानानं सांगितला होता. खोतांचं अख्खं घर आमच्या नेटवर जगत होतं. आणि हेच खोत आमच्याच नेटवर व्हिडिओ बघून आण्णांना सांगायला आले, "भूपाल, पोरगीवर लक्ष ठेव. नेटनं पोरी बिघडायल्यात."

झालं. घरात ठराव पास झाला. नवा राउटर फास्ट पाहिजे होता मागांसाठी, आणि सुरक्षित पाहिजे होता माझ्यासाठी.

"हिचा मोबाईल रात्री नवाला आपोआप बंद पडला पाहिजे," आण्णा माझ्यासमोर दुकानदाराला म्हणाले. "असली सोय हाय काय?"

"हाय की. पॅरेंटल कंट्रोल. कोण काय बघतंय तेबी दिसतंय."

"बघ," आण्णा सन्मतीला म्हणाले, "विज्ञान केवढं पुढं गेलंय."

मी खोकं उलटं केलं.

"ह्यात गेस्ट नेटवर्क आहे?" मी विचारलं. "पाहुण्यांना वेगळा पासवर्ड देता येतो का?"

"सगळं हाय, आण्णा," दुकानदार आण्णांना म्हणाला. प्रश्न मी विचारला होता.

"एकच बँड आहे की दोन? खालचा हॉल मोठा आहे, मधे जाड भिंत आहे. लांब पोचणारा बँड कॅमेऱ्यांना लागेल आणि वेगाचा वर लागेल."

"चार अँटेना हायेत की."

"अँटेनाचं विचारलं नाही. कंपनीकडून अपडेट किती वर्षं येतील?"

"नव्या राउटरला अपडेट कशाला?"

"जुना झाल्यावर त्याचं कुलूप कुणीपण उघडतं म्हणून. चोराला तुमची शिंगं मोजायची नसतात."

दुकानदारानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. आण्णांनी फक्त 'कुलूप' एवढाच शब्द ऐकला होता. "ती म्हणतीय तसा दाखव. चांगल्या कुलपाचा," ते म्हणाले.

दोन शिंगांचा एक चांगला होता. पण माझ्या बापाला मी ओळखते. मला पाहिजे ते सगळं असलेला, वर चार शिंगं असलेला शोधला आणि म्हणाले, "आण्णा, हा बैलासारखा दिसतोय." लगेच पसंत पडला.

घरी आल्यावर प्रश्न आला, तो बसवायचा कुणी. ॲडमिन सन्मती होणार हे आधीच ठरलेलं. आण्णांनी त्याला मागांच्या हॉलच्या तोंडाशी असलेल्या केबिनमध्ये खुर्चीवर बसवला, राउटर समोर ठेवला. पहिल्याच पानावर इंग्रजीत करार आला. सन्मती थोडा वेळ त्याच्याकडं बघत बसला आणि म्हणाला, "त्रिशलाक्का, तू कर तेवढं. मी नंतर चेक करतो."

तो अजून चेक करतोय.

अशा रीतीनं माझ्या कोंडवाड्याची किल्ली माझ्याच हातात आली. मी ॲडमिन झाले. खोतांचं घर बाहेर काढलं. कॅमेरे वेगळ्या नेटवर्कवर नेले. आणि नवाला बंद होणाऱ्या यादीत एक मोबाईल घातला, सन्मतीचा. तो रोज नवाला गॅलरीत जाऊन हात वर करून रेंज शोधायचा. आण्णा मला बघून खूश असायचे. "बघा, नवानंतर पोरगी पुस्तक घेऊन बसतीय." मी पुस्तकात मोबाईल ठेवून बसलेली असायची.

दुसऱ्या दिवशी खोत आले. "भूपाल, तुझं नेट बंद पडलंय काय?"

"न्हाई. का?"

खोतांना कारण सांगता येईना. चहा पिऊन गेले.

आता माझं दुखणं सांगते. मला नोकरी पाहिजे होती. बेंगळुरूच्या एका कंपनीत, नेटवर्क सांभाळायची. कॉलेजमधल्या सरांनी नाव पाठवलेलं. आण्णांना विचारलं तेव्हा ते जेवत होते. "आपल्यात पोरींनी बाहेर नोकरी करायची पद्धत न्हाई," म्हणाले आणि आईकडं ताक मागितलं. विषय संपला. त्यांच्यापुरता.

मी गुपचूप एक मुलाखत दिली होती, दुसऱ्या एका कंपनीची. गच्चीवर जाऊन, कानात बोटं घालून. तिकडचा माणूस म्हणाला, "तुम्ही रेल्वे स्टेशनवर आहात का? शांत जागी जाऊन फोन करा." शांत जागा. इचलकरंजीत. मैत्रिणीकडं जावं तर तिच्या घराखालीपण मागच. आमच्या गल्लीत माग थांबतात ते वीज गेली तर, नाहीतर माणूस गेलं तर. वीज गेली की नेट जातं. म्हणजे माझ्या नोकरीसाठी कुणीतरी मरायला पाहिजे होतं. तो फोन मी परत केलाच नाही. बेंगळुरूची मुलाखत व्हिडिओवर होती, आणि तीही हातची गेली तर पुढं काय होणार ते मला दिसत होतं: एखादं घर, खाली माग, वर मी.

त्याच आठवड्यात जयसिंगपूरचं स्थळ आलं. आदगोंडा मगदूम, सुताचे व्यापारी. मुलाचं नाव शीतल.

"बघायला येऊ दे काय?" आईनं घाबरतच विचारलं. आधीची दोन स्थळं घरी यायच्या आधीच मी काय काय बोलून मोडली होती ते तिला आठवत होतं.

"येऊ दे," मी म्हणाले.

आई पोळी लाटायची थांबली. "बरी हायस न्हवं?"

"बरी आहे. बुधवारीच बोलवा. बारा वाजता."

"बुधवारीच का?"

"बुधवार चांगला असतो."

आण्णा तर हरखलेच. नेट सुरक्षित झाल्यावर पोरगी लगेच सुधारली, असं त्यांनी खोतांना सांगितल्याचं मला नंतर कळलं.

बुधवारी सकाळी दहाला आण्णांनी माग बंद केले. पाहुण्यांसमोर खटखट नको म्हणून. गल्लीला कळेना. खोत टॉवेल खांद्यावर टाकून, चेहरा पाडून दारात. "भूपाल, कोण गेलं रे? घरातलं व्हय?"

"कोण न्हाई. पाहुणे यायल्यात. पोरगीला बघायला."

"असं व्हय," खोत म्हणाले आणि टॉवेल काढला. जरा निराश दिसले.

मी गॅलरीत उभी होते. जन्मल्यापासून पहिल्यांदा मला आमच्या घरातली पाल चुकचुकलेली ऐकू आली. आणि बेंगळुरूची मुलाखत अकराला होती. पाहुण्यांसमोर आण्णा खटखट ठेवणार नाहीत हे मला माहीत होतं, स्थळाला उगाच हो म्हणाले नव्हते.

पण अकराला मेल आला: मुलाखत बाराला घेऊ.

आणि बाराच्या आधीच मगदूम आले. जिन्यात चपलांचा ढीग पडला. आतल्या खोलीत बायका, बाहेरच्या खोलीत पुरुष, गच्चीवर पोरं. मी साडीत, डोक्यात गजरा, हातात लॅपटॉप. स्वयंपाकघरात आई पोहे परतत होती, आम्हा जैनांत असतात तसले, बिनकांद्याचे.

"आई, मला अर्धा तास दे."

तिनं लॅपटॉपकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. काय समजायचं ते समजली. "पाहुण्यांना काय सांगू?"

"निऱ्या बसत नाहीत म्हणून सांग."

"अर्धा तास?"

"साडी नवीन आहे म्हणून सांग."

मागच्या जिन्यानं मी खाली मागांच्या हॉलमध्ये उतरले. कापडाच्या ताग्यांची थप्पी होती, तिच्यावर लॅपटॉप ठेवला. सूत गुंडाळलेला एक बीम आडवा पडला होता, त्याच्यावर बसले. राउटर केबिनमध्ये, आणि केबिनला हॉलच्या बाजूनं भिंत नाही. चित्र आरशासारखं. समोर एक बाई आणि एक पुरुष. बाई गजऱ्याकडं बघून म्हणाल्या, "आज काही कार्यक्रम आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "आम्ही घरी असेच असतो."

पहिले प्रश्न पुस्तकातले होते. मग बाईंनी विचारलं, "समजा एका घरासाठी वेगवान आणि सुरक्षित राउटर निवडायचा आहे. काय बघशील?"

मला हसूच आलं. मी सगळं सांगितलं. जाड भिंत, लोखंडी मशिनी, मोटारी, कॅमेरे, समोरचं फुकटं घर. कुठला बँड कशाला, पाहुण्यांना वेगळं नेटवर्क का, अपडेट नसलेला राउटर फुकट मिळाला तरी का घेऊ नये. घरातल्या माणसाचं नाव पासवर्डला का ठेवू नये. शिंगं मोजून का घेऊ नये.

"आणि सुरक्षित म्हणजे नेमकं काय?" पुरुषानं विचारलं.

"आधी विचारावं लागतं, कुणापासून. चोरापासून, शेजाऱ्यापासून की घरातल्यांपासून."

"घरातल्यांपासून?"

"हो. बऱ्याच घरांत राउटर घेतात तो—"

आणि हॉलचं दार उघडलं.

दारात आण्णा. पांढरी टोपी, हात मागांच्या मेन स्विचवर. त्यांच्या मागं आदगोंडा मगदूम, हातात पोह्यांची बशी घेऊनच आलेले. त्यांच्या मागं शीतल, त्याच्या मागं सन्मती, दात काढत.

"एक चालू करा की, चौगुले," मगदूम म्हणाले. "सूत कसं पळतंय बघूया."

आण्णा माझ्याकडं बघत होते. मी त्यांच्याकडं बघत होते. एक माग सुरू झाला असता तर बेंगळुरू संपलं होतं. मी गप्प बसले असते तरी संपलं होतं. मी स्क्रीनकडं वळले आणि वाक्य पुरं केलं.

"—तो बऱ्याचदा मुलीला कोंडायला घेतात. म्हणून मी राउटर निवडताना एक गोष्ट आधी ठरवते. ॲडमिन कोण. खोक्यावर ते लिहिलेलं नसतं, पण सगळं त्याच्यावरच असतं."

हे मी मराठीत बोलले नाही, इंग्रजीत बोलले. आण्णांना कळलं नसणार. पण आवाज कळला असेल. मी घरात त्या आवाजात कधी बोलले नव्हते, कारण आमच्या घरात ओरडावंच लागायचं.

"चालू करा की," मगदूम परत म्हणाले.

आण्णांनी हात स्विचवरून काढला. "आज न्हाई," ते म्हणाले. "आज बंद म्हणजे बंद."

ते लोखंडी दार सरकवताना किंचाळतं, बाराही महिने. आण्णांनी खांदा लावून ते उचललं आणि आवाज न करता लावून घेतलं.

त्यांना मी खाली आहे हे कळलं कसं, ते आईनं संध्याकाळी सांगितलं. हातवारे करून, सगळ्यांचे आवाज काढून.

"निऱ्या, निऱ्या म्हणून मी किती वेळ काढू? मगदूमाची बायको म्हणते, साडी हाय का मांडव? मग ह्यांनी वेळ काढायला मोबाईल काढला. म्हणाले, नवा राउटर घेतलाय, चार शिंगांचा, आता वर बसून सगळे माग दिसतात, एक सेकंद अडकत न्हाई बघा. आणि दाखवायला गेले तर तू."

मी कपाळावर हात मारला. कॅमेरा माझ्या हातात होता. एका बोटानं बंद केला असता. पण बंद मागांचं चित्र कोण बघत बसणार, असं वाटलं. हा माणूस पाहुण्यांना फोटोंचा अल्बम नाही, कॅमेरे दाखवतो, हे मला माहीत असूनसुद्धा.

"मग?"

"मग काय. चित्र असलं स्वच्छ, गजऱ्याच्या कळ्या मोजाव्यात. शीतल म्हणतो, ही पोरगीच की. सन्मती उठला, म्हणतो ओढून आणतो तिला. हे म्हणाले, खाली बस. आणि मगदूमांना म्हणाले, लंडनची पार्टी हाय. सायबाशी मालाचं बोलतीय. सगळं तीच बघतीय."

"लंडनची?"

"तोंडाला आलं ते बोलले. मगदूमांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, दाखवा की मग तुमचे माग, ज्यांचा माल लंडनला जातोय. आता न्हाई कसं म्हणणार? निघाली वरात खाली."

दुपारी मुलाखत संपल्यावर मी वर जाऊन पाहुण्यांसमोर बसले होते. साडीच्या निऱ्या सुटलेल्या. शीतलनं मान खाली घालून गेस्ट नेटवर्कचा पासवर्ड मागितला, तो दिला. मगदूमांनी विचारलं, "लंडनला किती माल जातोय?"

मी आण्णांकडं बघितलं. आण्णा पोह्यांकडं बघत होते.

"सांगतात त्यापेक्षा कमी," मी म्हणाले.

"हुशार हाय," मगदूम बायकोला म्हणाले. "आकडा फोडत न्हाई."

चार दिवसांनी मगदूमांचा फोनवर निरोप आला. मुलगी पसंत आहे. देण्याघेण्याचं काही नाही. फक्त लग्नानंतर लंडनची पार्टी आमच्याकडं वळवावी.

आण्णांनी फोन हातात धरला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "पार्टी आमची हाय. ती द्यायची न्हाई." आणि फोन ठेवला.

जेवताना त्यांनी मला विचारलं, "कसलं बोलत व्हतीस त्या दिवशी?"

"नोकरीचं. बेंगळुरूच्या."

"ते मला कळलं. काय सांगत व्हतीस एवढं?"

"राउटर कसा निवडायचा ते."

"तेवढ्यावर नोकरी देतात?"

"अजून एक मुलाखत आहे. मग देतील नाहीतर नाही देणार."

सन्मती म्हणाला, "आण्णा, आपल्यात पद्धत न्हाई."

"तू गप. तुझा मोबाईल नवानंतर का लागत न्हाई ते शोध आधी," आण्णा म्हणाले. आणि मला: "कधी हाय?"

"गुरुवारी. अकरा वाजता. अर्धा तास."

त्यांनी आईकडं ताक मागितलं. मला वाटलं, झालं. विषय संपला.

गुरुवारी माग जोरात चालू होते. मोठी ऑर्डर होती, आण्णा सकाळपासून खालीच. मी वरच्या खोलीत खिडकीला गाद्या लावल्या, दाराच्या फटीत चादर कोंबली. तरी लॅपटॉपशेजारचा पाण्याचा पेला थरथरत होता. अकराला पाच मिनिटं असताना मी देवाला नव्हे, त्या मोटारींना शिव्या घालत होते.

आणि माग थांबले.

एकदम नाही. एक, मग दुसरा, मग सगळे. वीज गेली असं वाटून मी राउटरचा दिवा बघायला मोबाईलवर केबिनचा कॅमेरा उघडला. दिवा चालू होता. चारही शिंगं उभी.

मी खिडकीची गादी थोडी बाजूला केली. कामगार बाहेर येऊन बिड्या काढत होते. समोरून खोत आले, खांद्यावर टॉवेल, चेहरा पाडलेला. ह्या वेळी दोन-चार माणसंपण गोळा करून आणली होती.

"भूपाल, कोण गेलं रे?"

आण्णा हॉलच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. मेन स्विच त्यांच्या पाठीशी.

"कोण न्हाई गेलं."

"मग माग का बंद? पाहुणे हायेत?"

"पाहुणे न्हाईत."

"मग?"

"पोरगी बोलतीय."

खोतांना काही समजलं नाही. टॉवेल काढावा की ठेवावा, ते ठरेना. समोर त्यांचे माग खटाखटा चालू होते, आणि आता गल्लीत तेवढाच आवाज होता.

"तुझेबी जरा बंद कर की, रावसाब," आण्णा म्हणाले. "अर्धा तास."

खोतांनी विचार केला. व्यवहारी माणूस. आवाज खाली आणून म्हणाले, "नेटचा नवा पासवर्ड सांगतोस?"

"मला म्हाईत न्हाई," आण्णा म्हणाले. "ते तिला विचार. तिचं बोलून झाल्यावर."

मी गादी परत लावली. लॅपटॉपवर बाई दिसायला लागल्या आणि त्यांनी माझं नाव घेतलं तेव्हा समोरचा शेवटचा माग थांबत होता.